चौतीस सामने खेळून पहिला, एका रात्रीत घरी: युरोलीगची फायनल फोर न्याय्य आहे का?

पार्ल्याचा_गार्ड | २७ मे २०२५, रात्री ११:४०

रविवारी युरोलीग, म्हणजे युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांची स्पर्धा, संपली. अबूधाबीत इस्तंबूलच्या फेनरबाचेने मोनाकोला ८१-७० हरवून करंडक नेला. २०१७ नंतरचं त्यांचं हे दुसरं विजेतेपद. त्यांचं अभिनंदन आहेच, पण माझ्या डोक्यातून ग्रीसचा ऑलिंपियाकोस जात नाहीये.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपातले १८ क्लब. प्रत्येकाशी एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या घरी, म्हणजे ३४ सामने. ऑक्टोबरला सुरू होतात ते एप्रिलपर्यंत. पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये, सातवा ते दहावा आपसात मारामारी करून उरलेल्या दोन जागा घेतात. मग पाच सामन्यांच्या मालिका, तीन जिंकेल तो पुढे. इथवर सगळं रीतसर. त्यानंतर मात्र उरलेल्या चौघांना एका शहरात गोळा करतात आणि शुक्रवारी उपांत्य, रविवारी अंतिम. हीच फायनल फोर. एकेकच सामना. चुकलास तर चुकलास.

ऑलिंपियाकोसने साखळीत २४ जिंकले, १० हरले, टेबलात पहिले आले. प्लेऑफमध्ये रेआल माद्रिदला ३-१ ने लोळवलं. आणि शुक्रवारी मोनाकोकडून ६८-७८. आठ महिन्यांचं काम, चाळीस मिनिटांत केराच्या टोपलीत.

मी हिवाळाभर रात्री सव्वा एकचा गजर लावून उठणारा माणूस आहे (युरोपातले पावणेनऊ). घरचे मला वॉचमन म्हणतात. त्यामुळे माझा राग जरा वैयक्तिक आहे हे मान्य. पण तरी विचारतो: ही पद्धत न्याय्य आहे का?

ता.क. एनबीए मोठी की युरोलीग मोठी, हा वाद कृपया इथे नको.

तिरकस

एनबीए मोठी.

पार्ल्याचा_गार्ड

आलात! पहिल्याच प्रतिसादात आलात.

चकलीचा_घाणा

मला बास्केटबॉलमधलं एवढंच कळतं की उंच माणसं असतात. पण यात अन्याय काय झाला? आपण २०२३ च्या विश्वचषकात ओळीने दहा सामने जिंकलो आणि अहमदाबादला अकरावा हरलो. आमच्याकडे १९ नोव्हेंबरचा विषय अजून जेवताना कोणी काढत नाही. पण न्याय्य नाही असं कोणी म्हटलं नाही. वाईट वाटणं वेगळं, अन्याय वेगळा.

गणोबा

गार्डसाहेब, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा प्रकरण जुनं आहे. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायची ही पद्धत २०१६-१७ पासून आली. तेव्हापासून साखळीत पहिला आलेला संघ एकदाही, पुन्हा लिहितो, एकदाही युरोलीग जिंकलेला नाही.

२०१७ ला रेआल पहिले, उपांत्य फेरीत फेनरबाचेकडून गेले. २०१८ ला सीएसकेए मॉस्को पहिले, उपांत्य फेरीत रेआलकडून गेले. २०१९ ला फेनरबाचे ३० पैकी २५ जिंकून आले आणि उपांत्य फेरीत आपल्याच शहरातल्या एफेसने १९ गुणांनी धुतले. २०२० ला एफेस २४-४ अशा भन्नाट फॉर्मात होते तेव्हा कोविडने मोसमच गुंडाळला. २०२१ ला बार्सिलोना अंतिम फेरीत हरले, २०२२ ला परत बार्सिलोना, या वेळी उपांत्य फेरीत. २०२३ ला ऑलिंपियाकोस अंतिम सामन्यात एका गुणाने. २०२४ ला रेआल ३४ पैकी २७ जिंकून अंतिम फेरीत पानाथिनायकोसकडून ८०-९५. आणि आता हे.

आठ पूर्ण मोसम, आठ पहिले क्रमांक, शून्य करंडक. गंमत पुढे आहे. हे आठही संघ पाच सामन्यांची मालिका जिंकूनच फायनल फोरला पोचले होते. मालिकेत आठपैकी आठ, एकेका सामन्यात आठपैकी शून्य.

नुसतं नाणं उडवलं तरी दोन सामने लागोपाठ जिंकायची शक्यता पाव असते. ते आठ वर्षं एकदाही न घडण्याची शक्यता दहात एक. पहिल्या क्रमांकाचा संघ प्रत्येक सामन्यात ६०-४० ने सरस धरला, तर शंभरात जेमतेम तीन.

तिरकस

म्हणजे एप्रिलमध्ये दुसरं यायचं. सोपं आहे.

गणोबा

२०१९, २०२४, २०२५ चे विजेते साखळीत दुसरेच होते. तुम्ही चेष्टेत बरोबर बोलता.

जुनी_सेंटर

गणोबांचे आकडे बरोबर आहेत पण कारण नाण्यात नाही, कोर्टात आहे. मालिकेत वरच्या क्रमांकाच्या संघाला पहिला, दुसरा आणि गरज पडली तर पाचवा सामना घरी मिळतो. साखळीतल्या मेहनतीची मजुरी म्हणजे हेच. फायनल फोर तटस्थ शहरात, तिथे ती मजुरी शून्य होते.

दुसरं म्हणजे फाउल. हा सामना चाळीस मिनिटांचा आणि पाच फाउलला माणूस बाहेर (एनबीएत अठ्ठेचाळीस मिनिटं आणि सहा). मुख्य खेळाडूला दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा फाउल पडला की कोचचा सगळा कागद फाटला. मालिकेत परवा दुरुस्त करता येतं. इथे परवा नसतो.

मी विद्यापीठाकडून खेळायचे, सेंटर. आंतरविद्यापीठच्या बाद फेरीत मला हाफटाइमच्या आधी चौथा फाउल मिळाला. तिसरा क्वार्टर पूर्ण बाकावर. टॉवेलचं टोक दातात धरून बसले होते, तो चावून चावून ओला झाला. सर म्हणाले, शेवटची सहा मिनिटं खेळ. गेले, आणि तिसऱ्याच मिनिटाला पाचवा. माझ्या हातांपेक्षा उंच कोणी नव्हतं समोर, तरी हरलो. आज पंचवीस वर्षांनीही मला तो फाउल मान्य नाही. माझा हात बॉलवरच होता.

तिरकस

सगळ्यांचाच हात बॉलवरच असतो ताई.

दर्यावर्दी

मी जहाजावर इंजिनियर होतो, आता रत्नागिरीला आंब्यांची झाडं मोजतो. ऑलिंपियाकोसचं नाव वाचलं म्हणून लिहितो.

२०१३ च्या हिवाळ्यात आमचं जहाज पिरेयसजवळ पेरामाच्या यार्डात दुरुस्तीला होतं. पंधरा दिवस नुसती वेल्डिंगची धूळ. एजंटच्या ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, चल, आज मॅच दाखवतो. मला वाटलं फुटबॉल. नेओ फालिरो स्टेशनला उतरलो, समोर समुद्राच्या कडेला एक अवाढव्य काँक्रीटची टोपली. नाव काय, तर ‘शांती आणि मैत्री स्टेडियम’. आत शांतीही नव्हती आणि मैत्रीही नव्हती.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा, खिशातून भोपळ्याच्या बिया काढून दातांनी फोडत बसलेले. त्यांच्या बुटांभोवती टरफलांचा ढीग. पाहुण्या संघाचा माणूस फ्री थ्रोला (फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटला) उभा राहिला की हेच आजोबा दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे की इंजिनरूम परवडलं. फ्री थ्रो चुकला की शांतपणे पुढची बी. त्या रात्री स्पानूलिस खेळत होता. तो चेंडू घेऊन नुसता उभा राहिला तरी सगळे उभे राहायचे. ऑलिंपियाकोसने २०१२ आणि २०१३, लागोपाठ दोन्ही करंडक घेतले ते त्याच्याच जोरावर.

आणि परवा ज्या मोनाकोने ऑलिंपियाकोसला घरी पाठवलं, त्याचा कोच कोण? हाच वासिलिस स्पानूलिस. आजोबा आज असतील तर बिया घशात अडकल्या असतील.

पार्ल्याचा_गार्ड

काका, काय लिहिलंय! यावर वेगळा धागा काढा.

चकलीचा_घाणा

दर्यावर्दीकाका +१. मी सामना पाहिलेला नाही पण त्या आजोबांना पाहिलं.

मुसफ्फाकर

मी अबूधाबीत असतो आणि शुक्रवारी तिथे होतो, म्हणून हात वर करतो.

ऑफिसात एक तुर्की सहकारी आहे, फेनरबाचेचा कट्टर भक्त. त्याच्या मित्राचं यायचं रद्द झालं, तिकीट मला मिळालं. मुलगा शाळेत खेळतो, त्याला सोडून मी गेलो म्हणून दोन दिवस अबोला होता. बाहेर मे महिन्याची भट्टी, एतिहाद अरेनाच्या आत एसी असा की मी बायकोची ओढणी गुंडाळून बसलो होतो, खोटं नाही.

युरोलीगच्या सामन्यात काय आवाज असतो ते फक्त यूट्यूबवर ऐकलेलं. इथे सुरुवातीला जरा पाहुण्यांच्या लग्नासारखं वातावरण. निम्मे लोक माझ्यासारखे, कोणाला टाळ्या वाजवायच्या ते शेजाऱ्याकडे पाहून ठरवणारे. पण हिरवे पानाथिनायकोसवाले, लाल ऑलिंपियाकोसवाले आणि पिवळे-निळे फेनरबाचेवाले आले आणि छप्पर हलायला लागलं. अथेन्समध्ये हिरवे-लाल भिडतात तेव्हा पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना आतच घेत नाहीत म्हणे. इथे दोघं एकाच छताखाली. आणि एकाच रात्रीत दोघेही हरले! फेनरबाचे ८२, पानाथिनायकोस ७६, दुसरीकडे मोनाको. बाहेर पडताना एक लाल शर्टवाला आणि एक हिरवा शर्टवाला पार्किंगमध्ये एकाच लायटरवर सिगरेट पेटवत होते. एकमेकांकडे बघत मात्र नव्हते.

आणि मग रविवारी त्या दोघांनाच तिसऱ्या क्रमांकासाठी खेळायला लावलं. ही खरी शिक्षा.

न्यायाचं म्हणाल तर, पिरेयसचे आजोबा इथे असते तर फ्री थ्रोच्या वेळी फरक पडला असता. एवढंच सांगतो.

खारीबिस्कीट

युरोपच्या बाहेर पहिल्यांदाच झाली ना ही फायनल फोर? पैशाचा खेळ सगळा.

गणोबा

पैशाचं असेल, पण ‘पहिल्यांदा’ नाही. १९९४ आणि २००४ ला तेल अवीवला झाली होती आणि तेल अवीव भूगोलाच्या पुस्तकात आशियातच आहे. १९९४ ला तिथे ऑलिंपियाकोस अंतिम सामना ५७-५९ हरले. २००४ ला मकाबी तेल अवीवने घरच्या प्रेक्षकांसमोर बोलोन्याच्या स्किपर संघाला ११८-७४ असं चिरडलं. तटस्थ शहर, तटस्थ शहर म्हणतो आपण, पण फेनरबाचेचा २०१७ चा करंडकही इस्तंबूललाच आला.

त्या २००४ च्या मकाबी संघात एक लिथुआनियन गार्ड होता, शारुनास यासिकेविचियस. आता तोच फेनरबाचेचा कोच आहे.

जुनी_सेंटर

गणोबा, तुम्ही शारुनासचं नाव काढलंत तर गोष्ट पूर्ण करते. या धाग्याचं उत्तर त्या माणसाच्या कुंडलीत आहे.

खेळाडू म्हणून त्याने चार करंडक घेतले, तीन वेगवेगळ्या क्लबांकडून. मग कोच झाला. वर गणोबांनी लिहिलंय की २०२१ आणि २०२२ ला बार्सिलोना साखळीत पहिली आली आणि दोन्ही वेळा हरली. त्या बार्सिलोनाचा कोच हाच. २०२३ ला परत फायनल फोर, परत उपांत्य फेरीत पराभव. क्लबने निरोप दिला. डिसेंबर २०२३ मध्ये फेनरबाचेला आला, २०२४ ला उपांत्य फेरीत पानाथिनायकोसने ५७ गुणांत रोखलं. फायनल फोर म्हटलं की या माणसाच्या पोटात गोळा येत असणार.

आणि या वर्षी अंतिम सामन्यात २३ गुण काढून फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? नायजेल हेज-डेव्हिस. हा २०२२ च्या त्या बार्सिलोना संघातही होता. पहिला क्रमांक घेऊन एका रात्रीत हरलेले दोघं, दुसऱ्या क्रमांकाच्या संघाकडून जिंकले. मग त्यांना विचारा न्याय्य आहे का. २०२२ ला ‘नाही’ म्हणाले असते, आज ‘अगदी’ म्हणतील.

इझारकाठी

म्युनिकहून. गेल्या वर्षी इथे नवीन हॉल झाला, एसएपी गार्डन, बायर्नचे युरोलीगचे सामने आता तिथे होतात. मी मित्राबरोबर चारपाच सामन्यांना गेलो. जर्मन लोक वेळेवर येतात, वेळेवर ओरडतात, क्वार्टर संपला की रांगेत बिअर घेतात. दर्यावर्दीकाकांच्या आजोबांना इथे करमणार नाही.

मी गार्डच्या विरोधात. बायर्नने ३४ पैकी १९ जिंकले तरी नववे. पहिल्या आणि नवव्यात फक्त पाच विजयांचा फरक! मग पहिला म्हणजे असा कोणता मोठा हिमालय? ज्या लीगमध्ये वरचे दहा इतके जवळजवळ आहेत, तिथे पहिला क्रमांक ही चांगली गोष्ट आहे, राज्याभिषेक नाही. आणि पॅरिस बघा. पहिल्याच वर्षी युरोलीगमध्ये आले आणि प्लेऑफ गाठलं. फेनरबाचेने ३-० उडवलं ते सोडा.

मोनाकोचं घरचं मैदान माहितीये? फुटबॉल स्टेडियमच्या पोटातला पाचेक हजारांचा हॉल. घरच्या गर्दीच्या जोरावर सगळं ठरायचं असेल तर असा क्लब कधीच अंतिम फेरीत येणार नाही.

पार्ल्याचा_गार्ड

मुद्दा मान्य. पण मग अंतिम सामनाही पाच सामन्यांच्या मालिकेत घ्या ना. आठ महिने खेळवता, अजून दोन आठवडे खेळवा.

इझारकाठी

झालंय. २००१ ला घेतली होती. त्या वर्षी तर युरोपात दोन स्पर्धा होत्या, क्लबांनी वेगळी चूल मांडली होती. एकीकडे सुप्रोलीग, ती मकाबीने जिंकली. दुसरीकडे युरोलीग, तिचा अंतिम फेरा पाच सामन्यांचा, किंडर बोलोन्याने व्हिटोरियाच्या ताऊ संघाला ३-२ हरवलं. मानू जिनोबिली तिथलाच हिरो. पुढच्याच वर्षी फायनल फोर परत आणली.

नागपाडा_नाका

तुम्ही सगळे फार शिकलेले. आम्ही नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर बास्केटबॉल बघत मोठे झालो. रात्रीचे दिवे, कडेला कठड्यावर बसलेली पोरं, समोर चहाची किटली. स्पर्धा म्हणजे बाद पद्धत. हरला तो बॅग उचलून घरी. कोणी म्हटलं नाही की साहेब, आम्ही वर्षभर चांगले खेळलो होतो.

बास्केटबॉलची मजा शेवटच्या तीन सेकंदांत आहे. २०२३ चा अंतिम सामना आठवा. रेआलचा सर्जियो युल, तेव्हा पस्तिशीचा, पूर्ण सामन्यात एकही गुण नाही. शेवटची काही सेकंदं, ऑलिंपियाकोस एकाने पुढे. युलने उडी मारून शॉट टाकला, ७९-७८. त्याचे सामन्यातले तेवढेच दोन गुण. मालिका असती तर हा शॉट ‘पहिल्या सामन्यातला एक शॉट’ झाला असता.

पार्ल्याचा_गार्ड

त्या शॉटचं नाव काढू नका. मी त्या रात्री ऑलिंपियाकोसच्या बाजूने जागत होतो. वेझेनकोव्हने २९ गुण टाकले होते हो.

दर्यावर्दी

नागपाडावाले, ऑलिंपियाकोसची दुसरी बाजूही सांगा. २०१२ च्या अंतिम सामन्यात इस्तंबूलला सीएसकेए मॉस्को १९ गुणांनी पुढे होते. तिथून ऑलिंपियाकोस ६२-६१ ने जिंकले, शेवटच्या क्षणी प्रिंतेझिसच्या शॉटवर. मालिका असती तर तो करंडक मॉस्कोला गेला असता असं तेव्हा सगळेच म्हणत. एजंटचा पोरगा २०१३ ला मला तो शॉट हातवारे करून दाखवत होता, ट्रेनमध्ये, चालत्या गाडीत, लोकांना कोपर मारत. तेव्हा त्याला पद्धत फार आवडत होती.

तिरकस

धागा इथेच संपला खरं तर.

चकलीचा_घाणा

माझा एक अडाणी प्रश्न. आयपीएलसारखं का करत नाहीत? पहिल्या दोघांना एक हरला तरी दुसरी संधी. पहिला येण्याची मजुरी पण मिळते आणि एका रात्रीचा थरार पण राहतो.

जुनी_सेंटर

ताई, हा अडाणी प्रश्न नाही, धाग्यातली सगळ्यात शहाणी सूचना आहे. अडचण एवढीच की एका शहरात तीन दिवसांत बसत नाही.

पार्ल्याचा_गार्ड

घाणाताई, युरोलीगला पत्र लिहितो. खाली तुमची सही.

तिरकस | ४ जून २०२५

घाणाताई, काल आयपीएल संपली. पंजाब टेबलात पहिले. क्वालिफायर हरले, दुसरी संधी मिळाली, अंतिम फेरीत आले आणि बंगळुरूकडून सहा धावांनी हरले. बंगळुरू टेबलात कितवे होते? दुसरे.

गणोबा

😂😂 हे मात्र मी मोजलं नव्हतं.

चकलीचा_घाणा

पत्र पाठवू नका.

इझारकाठी

फाडून टाका.

मुसफ्फाकर | ८ ऑक्टोबर २०२५

धागा वर काढतोय. नवा मोसम सुरू झाला, आता २० संघ, म्हणजे साखळीचे ३८ सामने. नव्या संघांत दुबईही आहे, त्यामुळे माझ्यासाठी युरोलीग आता ऑफिस सुटल्यावर दीड तासाच्या ड्राइव्हवर. या वेळी मुलाला नेणार, ओढणीही नेणार.

गार्डसाहेब, तुमचं काय? चार सामने वाढले म्हणजे पहिला येणाऱ्यावरचा अन्याय पण वाढला ना?

पार्ल्याचा_गार्ड

वाढलाच. आणि गजरही वाढले. मत बदललेलं नाही, पण जुनी_सेंटर यांनी मजुरीचं लिहिलं ते पटलं. उपांत्य सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी घ्या आणि फक्त अंतिम तटस्थ शहरात, एवढीच माझी मागणी आता उरली आहे. दर्यावर्दीकाकांच्या आजोबांना एक तरी शिट्टी मारू द्या.

दर्यावर्दी

माझी हरकत नाही. पण मग मोनाकोच्या त्या पाच हजारांच्या हॉलला आजोबांची शिट्टी झेपेल का ते बघा.

नवाच_आहे | ९ ऑक्टोबर २०२५

सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पण साखळीत पहिला येणारा संघच शेवटी जिंकतो ना बहुतेक वेळा?

तिरकस

गणोबा, या वर.